कुलूप तसंच लागलेलं, कोयंडा अंगणात

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या, कोल्हापुरातच, शहराच्या बाहेरच्या अंगाला एका कॉलनीत त्यांचं रो-हाउस. घरी त्या, नुकतेच रिटायर झालेले मिस्टर, ८१ वर्षांच्या सासूबाई आणि मुलगी, मुलगा पुण्यात नोकरीला. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, त्यामुळं गुजरीतनं, म्हणजे इथल्या सराफ बाजारातनं, केलेले नवीन दागिने आणि सासूबाईंचा जुना साज, ठुशी, पाटल्या असं सगळं सध्या बेडरूममधल्या लोखंडी कपाटात. मागच्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून एक बंद घर फोडलं, तेव्हापासून ताईंना झोप नाही, खुट्ट झालं की उठून बसतात. मिस्टर म्हणतात तीस हजाराची डिजिटल तिजोरी आणू, मुलगा म्हणतो पुढच्या दाराला बोटाच्या ठशाचं स्मार्ट लॉक बसवू, आणि सासूबाई म्हणतात काही नको, मी पूर्वीसारखं तांदळाच्या पिंपात ठेवते, बँकेच्या लॉकरचं मला सांगू नका, महापुरात काय झालं बघितलंय मी. ताईंचा प्रश्न एवढाच की सगळ्यात भारी कुलूप कोणतं आणि तिजोरी कुठली घ्यावी, एकदाचं सांगा म्हणजे निवांत झोपेन.

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या मामांचं घर आठवलं. मामांनी पुढच्या दाराला सात लिव्हरचं जाडजूड कुलूप घेतलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात देऊन वजन बघायला लावायचे. एका रविवारी सगळे जोतिबाला गेले आणि दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. मी मामींबरोबर तिथं पोचले तर दार सताड उघडं, आणि तुळशीपाशी ते कुलूप पडलेलं. फुटलेलं नव्हतं हो, तसंच लागलेलं होतं, कोयंड्यात अडकलेलं, आणि कोयंड्याला अर्ध्या-पाऊण इंचाचे चार स्क्रू लोंबकळत होते, त्यांना चौकटीचा भुसा चिकटलेला. चोरानं कुलपाला हातसुद्धा लावला नसावा, कटावणी घातली आणि कोयंडाच उपटला. मामींचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तुमच्या प्रश्नाला मी जरा सविस्तर उत्तर देतेय, आणि सुरुवात कुलपापासून करत नाही.

पेपरात घरफोडीची बातमी येते तेव्हा वाक्य कसं असतं बघा, "दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून". वर्षानुवर्षं हेच वाक्य वाचतोय आपण आणि तरी दुकानात जाऊन विचारतो काय तर कुलूप किती लिव्हरचं. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या, चावीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. त्या जास्त म्हणजे दुसऱ्या चावीनं किंवा तारेनं कुलूप उघडणं अवघड, एवढंच त्याचं काम. कटावणीसमोर लिव्हर सहा आहेत का आठ आहेत यानं काही फरक पडत नाही, तिथं फरक पडतो तो कोयंडा कशानं बसवलाय, चौकट किती घट्ट आहे आणि दार किती जाड आहे यानं. म्हणून "सगळ्यात भारी कुलूप कोणतं" ह्या प्रश्नातच एक गृहीत धरलेलं आहे की चोर येऊन कुलपाशी झटणार. तो झटत नाही, तो घराभोवती एक चक्कर मारतो आणि सगळ्यात कच्ची जागा शोधतो.

तर तुम्हीच आज संध्याकाळी ती चक्कर मारा, मिस्टरांना बरोबर घ्या आणि हातात एक स्क्रूड्रायव्हर घ्या. पुढच्या दाराचा कोयंडा आणि आल्ड्रॉप, म्हणजे आडवी सरकणारी जाड लोखंडी कडी, बघा, स्क्रूवर आहे का आरपार बोल्टवर. स्क्रूवर असेल तर सुतार किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडनं तो काढून आरपार बोल्ट मारून घ्या, बाहेरच्या बाजूला गोल गुळगुळीत डोकं आणि नट-वायसर आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरनं पकडायला काही राहत नाही. उद्यमनगर आपल्या गावात आहे ताई, लोखंडाचं काम करणाऱ्या माणसांना आपल्याकडं तोटा नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि तिजोरीच्या मानानं खर्च किरकोळ. मग चौकट. जुनी लाकडी चौकट वाळवीनं पोकळ झालेली असते आणि वरनं ऑइलपेंट असल्यामुळं कळत नाही, स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या बाजूला दाबून बघा, भस्सकन आत गेलं तर आधी चौकट, मग कुलूप. भिंतीतले होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ढिले असतील तर दार ढकलल्यावर अख्खी चौकट हलते, तेही बघा. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर असतात आणि त्यांची पिन ठोकून काढता येते, मग कुलूप कुठल्याही कंपनीचं असू दे. अशा वेळी पिनची डोकी वेल्ड करून घेतात, ते करून घ्या.

मागचं दार आणि गच्चीचं दार. इथंच बहुतेक घरं उघडी असतात असं माझं स्पष्ट मत आहे. पुढं सागवानी दार, नक्षी, पितळी मूठ, आणि मागं मोरीच्या बाजूला पातळ दार आणि बोटभर कडी, गच्चीला पत्र्याचं दार. रो-हाउस असेल तर शेजारच्या गच्चीवरनं तुमच्या गच्चीवर यायला किती वेळ लागतो तुम्हीच बघा, कपडे वाळत घालताना आपली मुलं इकडनं तिकडं उड्या मारतातच की. गच्चीच्या दाराला आतनं आडवी लोखंडी पट्टी किंवा दोन जाड आल्ड्रॉप, वर एक खाली एक. खिडकीचं ग्रील बाहेरनं स्क्रूनं लावलेलं असेल तर स्क्रूची डोकी वेल्ड करून घ्या.

पण एक गोष्ट, घरात ८१ वर्षांच्या आजी आहेत. सगळं एवढं बंद करू नका की आग लागली, शॉर्टसर्किट झालं तर आतलं माणूस बाहेर पडू शकणार नाही. आतनं कुलूप लावायची सवय असेल तर ती मोडा, आतनं नुसत्या हातानं उघडणारी कडी पाहिजे, आणि तुम्ही दोघं बाजारात जाताना आजींना घरात ठेवून बाहेरनं कुलूप लावत असाल, बरेच जण लावतात, तर ते तर अजिबात नको.

आता कुलूप. माझा सल्ला विचाराल तर पुढच्या दाराला बाहेरनं लोंबणारं कुलूप लावायचंच बंद करा. ते कुलूप दिसलं की घरात कोणी नाही हे रस्त्यावरनंच कळतं. त्याऐवजी दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक किंवा आतल्या बाजूला बसणारं चांगलं रिम लॉक घ्या, बाहेरनं फक्त चावीचं भोक दिसतं, माणसं घरात आहेत का नाहीत समजत नाही. मॉर्टिसला दार साधारण ३५ मिलिमीटर तरी जाड पाहिजे, पातळ दारात खाच पाडली तर दारच तिथं कमजोर होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार ओढलं की टक् करून लागतं ते लॅच म्हणजे कुलूप नव्हे. त्याची जीभ तिरकी असते, स्प्रिंगवर असते, फटीतनं पातळ पट्टी घातली तर मागं सरकते. बाहेर जाताना चावी घालून फिरवायची, एक फेरा दोन फेरे, म्हणजे चौकोनी बोल्ट चौकटीत शिरतो आणि तो सरकत नाही. घाईत आपण नुस्तं दार ओढून जातो आणि म्हणतो कुलूप लावलंय. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा, ह्याला पैसे पडत नाहीत.

कंपनीबद्दल जास्त बोलत नाही. गोदरेज १८९७ साली कुलपांपासूनच सुरू झाली, अलीगढ तर कुलपांचंच गाव, दोन्हीकडचा माल लक्ष्मीपुरीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बिल घ्या, चाव्या किती आहेत मोजून घ्या. जिथं लोंबतं कुलूप लावावंच लागतंय, म्हणजे गेट किंवा खोली, तिथं कुलपाची वरची कडी जितकी कमी उघडी दिसेल तितकं चांगलं, कटर घालायला जागा राहत नाही. आणि आपल्याकडं पावसाळ्यात कुलूप धरलं की लोक त्यात खोबरेल सोडतात, तसं करू नका, तेलाला धूळ चिकटते आणि चार महिन्यांनी चावी आतच अडकते. पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड चावीला लावून दोन-तीनदा फिरवा, त्यात ग्रॅफाइट असतं, छान चालतं.

मुलाचं स्मार्ट लॉक. मी विरोधात नाही, चावी हरवायची भीती जाते, मुलगा पुण्याहून आला तर रात्री अकराला कोणाला उठवायला नको. पण आधी सासूबाईंचं बोट लावून बघा. आयुष्यभर भांडी घासलेल्या, भाकऱ्या थापलेल्या हातांचे ठसे बऱ्याचदा झिजलेले असतात, मशिन घेत नाही, आणि मग आजी स्वतःच्याच दारात उभ्या राहतात. नंबरचा पर्याय पाहिजे, साधी चावीही चालली पाहिजे. ही लॉक सेलवर चालतात, सेल उतरला तर बाहेरनं तात्पुरती पॉवर द्यायची सोय बऱ्याच मॉडेलला असते, ती आहे का विचारूनच घ्या. आणि आत नुसतं लॅच आहे का चौकोनी बोल्ट आहे हे दुकानदाराला उघडून दाखवायला सांगा. चौकट हलत असेल तर स्मार्ट लॉक बसवून काही उपयोग नाही, हे मुलाला माझ्या नावानं सांगा.

चावीचं पण बोलूया, कारण ह्यात आपण सगळेच चुकतो. मीटरच्या बॉक्समध्ये, चपलांच्या स्टँडमध्ये, कुंडीखाली, कपाटाची चावी कपाटावरच, नाहीतर उशीखाली. ह्या जागा चोराला तुमच्यापेक्षा आधी माहीत असतात. एक चावी शेजारच्या विश्वासाच्या घरी द्या, बास. कामवाली बदलली, भाडेकरू गेला, चावी हरवली तर अख्खं कुलूप बदलायची गरज नसते, बऱ्याच दारांच्या लॉकचा नुसता सिलिंडर, म्हणजे चावी जिथं फिरते तो भाग, बदलून मिळतो. आणि गल्लीत "कपाटाची चावी करून देतो" म्हणत फिरणाऱ्यांना घरात घेऊ नका ताई, चावी करता करता, तेल आणा, जरा दिवा धरा म्हणत लक्ष वळवून लॉकरमधलं काढून घेतल्याचे प्रकार झालेले आहेत. चावी करायचीच असेल तर दुकानात जाऊन, आणि कपाट असेल तर आधी रिकामं करून.

मिस्टरांची तिजोरी. कपाटापेक्षा ती नक्कीच बरी, कारण आपलं नेहमीचं लोखंडी कपाट म्हणजे मिलिमीटरभर पत्रा, आतला लॉकरही त्याच पत्र्याचा, कटावणीनं कोपरा उचकटतो. पण घरगुती डिजिटल तिजोरीचं वजन बघितलंय का, लहान असेल तर एक धडधाकट माणूस काखेत मारून नेईल. चोराला ती तिथंच उघडायची गरजच नाही, नेली की झालं, आणि आपणच सगळं सोनं एका पेटीत भरून त्याला तयार ठेवलेलं असतं. म्हणून तिजोरी कितीची आहे यापेक्षा ती कशाला जखडलीय हे विचारा. तिच्या मागं आणि तळाला भोकं असतात, त्यातनं फास्टनर मारून काँक्रीटच्या स्लॅबला किंवा कॉलमला घट्ट बसवायची. प्लायवूडच्या वॉर्डरोबमध्ये नुसती ठेवून किंवा प्लायला स्क्रू मारून काही होत नाही. जिथं पहार घालून जोर लावायला जागा मिळणार नाही असा कोपरा बघा, दोन्ही बाजूला भिंत असलेला. कंपनीनं दिलेला नंबर पहिल्या दिवशी बदला, मास्टर कोड असेल तर तोही, आणि मुलीची जन्मतारीख, गाडीचा नंबर असलं काही ठेवू नका. इमर्जन्सी चावी येते ती तिजोरीच्या आत ठेवणारे लोक मी बघितलेत, सेल उतरल्यावर काय करणार? ती घराबाहेर, मुलाकडं पुण्याला देऊन टाका.

आणि चोरीपासून वाचवणारी तिजोरी वेगळी, आगीपासून वाचवणारी वेगळी. साध्या पत्र्याच्या तिजोरीत आग लागल्यावर आतलं तापमान भराभर वाढतं, साधारण २३० अंशाला कागद जळायला लागतो. घराची कागदपत्रं, मुलीची सर्टिफिकेटं ठेवायची असतील तर आगीत किती मिनिटं टिकते हे लिहिलेली घ्या, दुकानदारानं नुसतं तोंडी सांगितलेलं धरू नका. तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ५५० हे मानक आहे, त्याची मोठी तिजोरी खूप जड असते, दुकानदारांना सराफांना लागते तशी, तुम्हाला तेवढ्याची गरज नाही असं मला वाटतं.

गरज का नाही, तर ताई, एक सांगा, एवढं सगळं सोनं आत्तापासून घरात पाहिजेच कशाला? लग्नाला अजून दिवस आहेत, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं म्हणून ठेवलंय असं तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय आणि मला वाटतं झोप उडायचं खरं कारण तिथं आहे. तिजोरी आणली तर ती झोप परत येईल का, का रात्री उठून तिजोरीच बघून याल? मला तर दुसरंच होईल असं वाटतं, म्हणून बहुतेक सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा असं माझं म्हणणं.

लॉकरबद्दल सासूबाईंचं मात्र नीट ऐकून घ्या, त्यांना वेड्यात काढू नका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कात किती पाणी होतं ते सांगावं लागत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आकडे आपल्याकडं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. आणि नियमही त्यांच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्या माणसानं केलेली फसवणूक यात बँकेला लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत भरपाई द्यावी लागते, पण पूर-भूकंपात नाही. म्हणजे वर्षाचं भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख, आत सोनं कितीही असू दे. हे माहीत असूनही मी लॉकरच घ्या म्हणेन, कारण तिथं चोरी व्हायची शक्यता घरापेक्षा फार कमी. फक्त शाखा पुराच्या पट्ट्याबाहेरची, उंचावरची बघा, आणि लॉकर रूम कितव्या मजल्यावर आहे हे आत जाऊन डोळ्यानं बघून या, सासूबाईंना रिक्षातनं बरोबर न्या, त्यांनाच बघू दे. त्यांच्या आणि तुमच्या दोघींच्या नावानं घ्या, नॉमिनी लावा, मोबाईल नंबर नीट द्या, लॉकर उघडला की बँकेनं तुम्हाला मेसेज पाठवायचा असतो. रोख रक्कम मात्र लॉकरमध्ये ठेवायची नाही, करारातच तसं असतं.

आणि तांदळाचं पिंप. पिंप, देवघराचा कोनाडा, पिठाचा डबा, गादीची खोळ, ह्या जागा आपल्या आया-आज्यांनी पिढ्यानपिढ्या वापरल्यात म्हणूनच त्या आता सगळ्यांना माहीत आहेत, चोर स्वयंपाकघरातले डबेही उपडे करतात. पण त्यामागचं त्यांचं म्हणणं, की सगळं एका जागी ठेवू नये, ते सोळा आणे बरोबर आहे. रोजचं मंगळसूत्र, दोन बांगड्या अंगावर, थोडंसं जखडलेल्या तिजोरीत, आणि साज, पाटल्या, नवीन सगळं लॉकरमध्ये, असं करा. एखादी वस्तू त्यांना जवळच ठेवायची असेल तर ठेवू दे, ती त्यांची आहे.

लॉकरला न्यायच्या आधी एक दुपार काढून मुलीला बसवा आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पुढनं मागनं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतंत्र ओळख नंबराशिवाय विकता येत नाही, तुमच्या नवीन दागिन्यांवर तो बारीक कोरलेला असेल, भिंगातनं बघून लिहून ठेवा, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. जुन्या साजावर तसलं काही नसणार, तिथं फोटो आणि वजन हाच पुरावा, आणि साजात लाख भरलेली असते म्हणून नुसत्या सोन्याचं वजन वेगळं, ओळखीच्या सराफाकडनं दोन्ही लिहून घ्या. विमा काढणार असाल तर नीट वाचा, "भारत गृह रक्षा" ही घराची पॉलिसी जनरल इन्शुरन्सच्या कंपन्यांकडं मिळते, आग-पूर-भूकंप तिच्यात येतं, पण घरफोडी आणि दागिने यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि दागिन्यांची यादी, मूल्यांकन मागतात.

साज कधीचा आहे, कोणी केला, हे फोटो काढताना आजींकडनं विचारून घ्या. ते मुलीला माहीत असायला हवं.

राहिला लग्नाचा दिवस, आणि त्याची मला तुमच्या रात्रीच्या खुट्टपेक्षा जास्त काळजी वाटते. पत्रिकेवर तारीख, मुहूर्त, कार्यालयाचं नाव सगळं छापलेलं असतं आणि ती व्हॉट्सॲपवर शेकडो लोकांना जाते, म्हणजे कुठल्या दिवशी किती वाजता तुमचं घर रिकामं आहे हे सगळ्यांना आपणच कळवतो. हळदीला घर भरलेलं असतं, लग्नादिवशी सकाळी सहालाच गाड्या भरून सगळे जातात आणि रात्री उशिरा परत. त्या दिवशी घरी कोण थांबणार हे आत्ताच ठरवा. भाचा, पुतण्या, कॉलनीतला एखादा ओळखीचा मुलगा, दोघं असतील तर अजून बरं, त्यांना जेवण घरपोच पाठवा आणि नंतर पाहुण्यांसारखा आहेर करा. कार्यालयातल्या खोलीत दागिन्यांची बॅग एकाच माणसाच्या हातात द्या, ज्याला दुसरं कुठलंही काम नसेल, फोटोलासुद्धा उठायचं नाही. मुलीची मावशी असेल तर मावशीच. आणि पाठवणी झाल्यावर रात्री दमून घरी याल तेव्हा दार नुस्तं ओढून आत जाऊ नका, चावी दोनदा फिरवा.